दामूभाऊ, वजन बरोबर होतं

दामूभाऊ, मंगळवारी सकाळी तुमच्या सरिताचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले," एवढंच बोलली पोरगी आणि रडायला लागली. मी काय बोलले ते आठवत नाही, काहीतरी बोलले असेन. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगू? बरं झालं, मी जाऊन आले होते. आधी हे आलं, रडू मागून आलं. लाजही वाटली. माणूस गेलं आणि ही बाई हुश्श करून खुर्चीत बसली, असं कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं. पण तुमच्यापुढं खोटं बोलून फायदा नाही. बत्तीस वर्षं तुम्ही काचेची भांडी उजेडात धरून तपासलीत, तुम्हाला डाग लगेच दिसायचा.

सोळा दिवस. तुमच्या घरून मी निघाले त्या दिवसापासून त्या फोनपर्यंत मोजून सोळा दिवस झाले होते. आणि त्याआधी मी सहा महिने "जाऊ, जाऊ" करत गोंदियात, कुडव्याच्या घरीच बसले होते. कधी पेपर तपासायचे होते, कधी स्कूटीचं काम होतं, कधी आईचे गुडघे. खरं कारण एकच होतं, तुमच्यापुढं मान खाली घालायची माझी तयारी होत नव्हती. मी स्वभावानं कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. राग माझ्या नाकावर असतो आणि माफी मात्र गळ्यात अडकते.

तुम्ही आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतात म्हणून माझा पीएचडीचा गाडा चालला. कागदावर तुम्ही लॅब अटेंडंट. सकाळी सहाला सायकलला थर्मास अडकवून मटण मार्केटला जाणार, खाटिकाला "भैय्या, ताजा लबलबा देना, अभी का" म्हणणार, आणि बकऱ्याचं ते गुलाबी-पांढरं स्वादुपिंड थंडगार खारट पाण्यात बुडवून सातच्या आत लॅबमध्ये हजर. खाटिकाला वाटायचं कॉलेजात कोणाला तरी त्याची भाजी आवडते. तुम्ही त्याला कधी खरं सांगितलं नाहीत. म्हणायचात, सांगतलं तं भाव वाढवन तो.

माझा विषय घरात कोणालाच कळत नव्हता. मॅग्नेशियममुळे स्वादुपिंडातून पाचक रस सुटण्यावर काय परिणाम होतो, असं सांगितलं की आई शेजारणीला सांगायची, "बकऱ्याच्या पोटाचं काहीतरी करते." कळला तो तुम्हाला. एमएस्सीच्या पोरांसाठी मी फळ्यावर तीन दिवस तेच काढत होते. स्वादुपिंडाच्या पेशींत पाचक रस बारीक दाण्यांच्या रूपात भरून तयार असतो. पोटात जेवण आलं की मज्जातंतूचा निरोप येतो, पेशीच्या आत कॅल्शियम उसळतं आणि ते दाणे बाहेर रिकामे होतात, रस आतड्याकडं निघतो. मॅग्नेशियम त्या कॅल्शियमला आवर घालतं. मॅग्नेशियम पुरेसं असलं तर रस बेतानं सुटतो. ते कमी पडलं तर कॅल्शियमला रान मोकळं मिळतं, आणि फारच झालं तर रस ग्रंथीच्या आतच कामाला लागतो, ग्रंथी स्वतःलाच पचवायला निघते. तिसऱ्या दिवशी पोरं गेल्यावर तुम्ही बेसिनपाशी भांडी विसळत म्हणालात, "म्हंजे मॅडम, कॅल्शियम तलावाचं दार उघडून राहिलं, अन् मॅग्नेशियम तिथं हात धरून उभं हाय. एकाच दिवशी सगळं पानी सोडलं तं बांध्या बुडते. मंग धान कुठून पिकन?"

तुमच्या गावचा तलाव तुमच्याच पूर्वजांनी बांधलेला, आणि कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, किती पाणी जायचं ते तुमचे वडील दारावर उभे राहून ठरवायचे. त्या दिवसापासून मी वर्गात तोच दाखला देते. कोणाचा आहे ते पोरांना कधी सांगितलं नाही. आता सांगते.

आणि लगेच तुमचा पुढचा प्रश्न आला होता, जो तुम्ही मला शेवटपर्यंत विचारत राहिलात. मग हे मॅग्नेशियम माणसाला दिलं तर त्याची पोटदुखी थांबते का? तुमच्या गावचा एक जण स्वादुपिंडाच्या सुजेनं तडफडून गेला होता, तुम्ही त्याला दवाखान्यात नेलं होतं. मी म्हणायचे, दामूभाऊ, काचेच्या भांड्यातला बकऱ्याचा तुकडा म्हणजे जितं माणूस नव्हे. जगात लोक त्यावर काम करताहेत, आपण एक वीट ठेवतो आहोत. तुम्हाला ते पटायचं नाही. वीट ठेवून घर कोणाचं होते, विचारायचात. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं. आजही प्रयोग करताना तो प्रश्न डोक्यात असतो. तुम्ही नसतात तर मी नुसते आकडे काढत बसले असते.

आपला प्रयोग किती साधा होता हो. ग्रंथीच्या पातळ चकत्या कोमट द्रावणात ठेवायच्या, वरून निरोपाचं औषध थेंबभर सोडायचं, मग त्या द्रावणातला रस तांदळाच्या पेजेत मिसळायचा. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब. पेजेतला स्टार्च शिल्लक असेपर्यंत निळं, रसानं तो पचवला की निळा रंग जातो. रस जास्त सुटला असेल तर निळा लवकर जातो, कमी सुटला असेल तर उशिरा. द्रावणात मॅग्नेशियम वाढवलं की निळा रंग हटून बसल्यासारखा बसायचा. पेज जुन्या तांदळाची घ्या, नव्याची चिकट होते, हेही तुम्हीच सांगितलंत. पुस्तकात ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. पहिलं वर्ष सगळं कसं सुतासारखं सरळ गेलं. पावसाळ्यातसुद्धा.

मग तो जून आला. तपासणी समिती येणार म्हणून मी लॅब आवरायला काढली. कपाटातल्या खालच्या खणात एक पत्र्याचा डबा सापडला. उघडला तर आत भाजलेले तांदूळ, आणि त्या तांदळात गळ्यापर्यंत रोवलेली मॅग्नेशियम क्लोराइडची बाटली. लॅबमध्ये तांदूळ! मला उंदरांच्या लेंड्या दिसायला लागल्या, समितीचे चेहरे दिसायला लागले. मी तो डबा मागच्या अंगणात चिमण्यांना ओतला, बाटली पुसली आणि बेसिनच्या वरच्या फळीवर, नावांच्या क्रमानं, लेबल पुढं करून ठेवली. तुम्ही दारात उभे होतात. "मॅडम, राहू द्या तो डबा. ते मीठ हवेतलं पानी पिते," म्हणालात. मी म्हटलं, दामूभाऊ, ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही.

माझी स्वतःची आई पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ टाकते. आजही टाकते. गोंदियाच्या पोरीला हे कोणी शिकवायला पाहिजे का? पण एमएस्सी झालं की घरचं ते सगळं अडाणी वाटायला लागतं, तशातली गत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच असेल.

जुलैपासून निळा रंग ऐकेना. मॅग्नेशियम दुप्पट घातलं तरी रस आपला धो धो, पाहता पाहता निळा गायब. मी खाटिकावर संशय घेतला, आयोडीनवर घेतला, पेजेवर घेतला. थर्मास बदलला. शेवटी संशय घ्यायला तुम्हीच उरलात, कारण द्रावणाचं वजन तुम्ही करायचात. माझी चिठ्ठी, तुमचा तराजू.

तो ऑगस्टमधला दिवस मी विसरावा म्हणून फार प्रयत्न केला. विभागप्रमुख उभे होते, एमएस्सीची सात-आठ पोरं उभी होती. मी म्हणाले, "दामूभाऊ, वजन करताना लक्ष कुठं असतं तुमचं? तुमच्या हलगर्जीपणापायी माझं वर्ष गेलं." तुम्ही खिशातून तराजूच्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवलीत आणि बाहेर जाऊन हात धुतलेत. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प बसले. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी करून दाखवलं, आणि चोर माझ्याच हातानं फळीवर चढवलेला होता.

त्यानंतर मीच वजनं करायला लागले. बाटली संपत आली होती म्हणून नोव्हेंबरात नवी मागवली. कोरडी हवा, कोरं मीठ, निळा रंग परत हट्टाला पेटला. मी काय म्हणाले आठवतं ना? पोरांना म्हणाले, बघा, काम स्वतः केलं की कसं होतं. तुम्ही तेव्हा मागं बेसिनपाशी होतात. नळ चालू होता, पण ऐकू गेलंच असणार. मार्चमध्ये तुम्ही निवृत्त झालात, आम्ही शाल-नारळ दिला, माझ्या भाषणात तुमचं स्वादुपिंड आणणं आलं, थर्मास आला, सायकल आली. तराजूचं नाव मी घेतलं नाही. आठ महिने तुम्ही त्या खोलीत पाय ठेवला नव्हता.

तीन वर्षं गेली. माझ्या नावापुढं डॉक्टर लागलं. मागच्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी तराजूवर मॅग्नेशियम क्लोराइड घेत होती. म्हणाली, मॅडम, हे असं ओलं का? बघते तर चमच्याला चिकटलेला गिच्च गोळा. बाटली चार दिवसांपूर्वी उघडली होती. मी तिला म्हटलं, थांब. आणि फळीच्या टोकाला सरकवलेली ती जुनी बाटली काढली, माझ्याच अक्षरातलं लेबल असलेली. तळाशी नुसतं पाणी. ते मोजून घेतलं, त्यात मॅग्नेशियम किती ते रीतसर तपासलं. वजनाच्या मानानं जेवढं निघायला पाहिजे त्याच्या कितीतरी खाली. ज्या गोष्टीला आपण मीठ म्हणून तोलत होतो त्यात बरंचसं पाणी होतं. तराजू खोटं बोलला नव्हता, तुमचा हातही हलला नव्हता. ग्रंथीला पुरेसं मॅग्नेशियम मिळालंच नव्हतं, ती बिचारी आवर कसा घालणार. मी स्टुलावर बसले. पोरगी विचारत होती मॅडम, बरं वाटत नाही का. मला फक्त भाजलेल्या तांदळाचा तो वास येत होता.

तरी सहा महिने लागले मला. जानेवारीत शिपायानं सांगितलं, दामूभाऊंचं हृदय मोठं झालंय, पाय सुजलेत, नागपूरहून परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळची देवरीची बस पकडली. फाट्यावरून चालत आले. तुम्ही अंगणात उन्हात खाटेवर टेकून बसला होतात, पायाखाली उशी. किती वाळला होतात. मला पाहून म्हणालात, "काऊन आल्या मॅडम एवढ्या दूर?" वहिनींनी पाणी आणलं. सरिता माहेरपणाला आलेली होती. मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि हळू आवाजात सुरुवात केली, की दामूभाऊ, त्या वेळी लॅबमध्ये मी तुम्हाला...

तुम्ही हात वर करून थांबवलंत. दम लागत होता तुम्हाला, तरी आवाज पहिल्यासारखाच होता. "तवा चौघांपुढं बोल्ल्या होत्या ना तुमी? मंग हेबी चौघांपुढं बोला."

तुम्ही सरिताला पाठवून शेजारचे दोघे बोलावून घेतलेत. ते बिचारे खळ्यावरून हात झटकत आले, त्यांना वाटलं तुम्हाला जास्त झालं. वहिनी चुलीपासून उठून आल्या. आणि मी, पीएचडीवाली बाई, त्या अंगणात उभी राहून स्वादुपिंड म्हणजे काय इथून सुरुवात केली. मॅग्नेशियम सांगितलं, तलावाचं दार सांगितलं, तांदळाचा डबा सांगितला. चिमण्यांना ओतला तेही सांगितलं. मग म्हटलं, "वजन बरोबर होतं. यांचा हात कधीच चुकला नाही. चूक माझी होती, आणि मी ती सगळ्यांसमोर यांच्या माथी मारली. माझं चुकलं, दामूभाऊ." शेजाऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याला विचारलं, कायचं वजन म्हणते बाई? वहिनी मात्र पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. किल्ली टेबलावर ठेवली त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात, त्यांनी मला नंतर सांगितलं.

मला वाटलं, झालं. तुम्ही आता मान हलवाल, चहा होईल, मी परत जाईन. शेजारी उठायला लागले तर तुम्ही त्यांना म्हणालात, बसा रे, संपलं नाई. आणि माझ्याकडं न बघता, समोरच्या धानाच्या तणसाच्या ढिगाकडं बघत बोललात.

"ओलं हाय, ते मले दिसत होतं मॅडम. पहिल्याच आठवड्यात दिसलं. पन तुमच्या चिठ्ठीत लिवलं तेवढंच मोजून देल्लो. एक दाना कमी नाई, एक दाना जास्त नाई. मनात म्हटलं, मायं ऐकत नाई ना, पाहू दे मंग मॅडमले."

पहिल्याच आठवड्यात? म्हणजे जुलैचा अख्खा महिना, ऑगस्टचा अर्धा, सकाळी सहाला आणलेली ती सगळी स्वादुपिंडं, माझं रडणं, माझं न जेवणं, सगळं तुम्ही शांतपणे बघत होतात? एक शब्द बोलला असतात तर. तुम्ही म्हणालात, एक शब्द बोललो होतो, डबा ओतायच्या आधी. दुसरा बोलायचा होता, रोज बोलायचं म्हणून यायचो. मंग मॅडम, तुमी ते चौघांपुढं बोल्ल्या, अन् मंग मी कायले बोलू?

आणि मी भडकले, दामूभाऊ. सुजलेल्या पायांच्या, दमलेल्या माणसावर मी त्याच्याच अंगणात भडकले. म्हटलं, तुम्ही माझं वर्ष खाल्लंत, मी इथं नाक घासायला आले आणि तुम्ही जाणूनबुजून ओलं मीठ तोलत होतात, लाज वाटायला पाहिजे तुम्हाला. शेजारी घाबरून माझ्याकडं बघायला लागले. सरितानं डोळे मोठे केले. आणि तुम्ही हसायला लागलात. हसता हसता खोकला आला, खोकल्यातून परत हसू आलं, वहिनी पाठ चोळत आधी तुमच्यावर ओरडल्या आणि मग माझ्यावर. म्हणाल्या, दोघंही सारखेच हाव तुमी, चूप बसा आता, चहा घ्या.

चहा घेतला मी, रागारागानं. तुम्ही माझ्या चहात साखर कमी टाकायला सांगितलीत, तेवढं तुमच्या लक्षात होतं. आपण दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. ऑगस्टपासून मार्चपर्यंतही आपण असेच गप्प होतो, पण त्या गप्प बसण्यात मला रोज गुदमरायला व्हायचं. इथं तसं काही नव्हतं. ऊन पाठीवर होतं. शेजारी धानाच्या भावाचं बोलत होते.

तुम्ही गेल्यापासून मी स्वतःला विचारते आहे की त्या दिवशी मी एवढी भडकले ते चांगलं झालं की वाईट. तुमचा माझ्यावरचा राग आणि माझा तुमच्यावरचा राग, दोन्ही त्या अंगणात एकदाचे बाहेर आले. मी नुसती माफी मागून आले असते तर घरी जाऊन पुन्हा रडले असते, की मी एका देवमाणसाचं मन दुखावलं. तुम्ही देवमाणूस नव्हतात. तुम्ही हट्टी, खुनशी आणि कमालीचे अचूक माणूस होतात, आणि असा माणूस मला फार जड जात नाही, कारण मीही तशीच आहे. तुम्ही गप्प राहून मला शिक्षा दिलीत, आणि मरायच्या आधी चौघांसमोर ती कबूलही केलीत. किती लोक करतात हो हे?

बसची वेळ झाली म्हणून मी उठले. पर्स उचलली, वहिनींना नमस्कार केला, तुमच्याकडं बघितलं नाही, अजून फुरंगटलेलीच होते. फाटकापर्यंत आले तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "आता कसं मोकळं वाटून राहिलं मले."

मी ऐकलं होतं. वळले नाही. म्हणायचं होतं, पण नाक वर करून चालत सुटले, स्वभाव. तेवढंच एक बोलायचं राहिलं, ते आता बोलते. मलाही, दामूभाऊ. मलाही.